नुस्तें आणि अंटार्क्टिका

आज लेकीच्या शाळेत पालकसभा. बाईंनी गुणपत्रिकेआधी तिची निबंधाची वही पुढे केली. 'मी कोण होणार?' खाली एकच ओळ : अंटार्क्टिकाला जाणार.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला आपल्या गोव्यातूनच निघाली, हे बाईंनी वर्गात सांगितलेलं. मी वास्कोत वाढलो, मुरगाव बंदर रोज बघत. मला हे कुणी सांगितलंच नाही! आमच्या मास्तरांकडून पाढे मिळाले, आणि छड्या. माझं स्वप्न काय, तर फेरीबोट चालवायची. (अजूनही आहे, बायकोला सांगू नका.)

परतताना लेक गंभीरपणे म्हणाली, "बाबा, तिथे नुस्तें मिळतं?" (नुस्तें म्हणजे आमच्याकडे मासळी.)

"मिळेल. पण हुमण, माशांचं कालवण, तुलाच करावं लागेल."

तेव्हापासून ती आजीच्या मागे स्वयंपाकघरात.