अंगणातली फवारणी बंद : अकरावा महिना

हरळी, म्हणजे दूर्वांचं गवत, अजून खपल्याखपल्यांचीच आहे, ते आधीच सांगून टाकतो.

नव्यांसाठी थोडं मागचं. घर यवतमाळ जिल्ह्यात, काळ्या मातीत. कपाशीवर फवारून पंपात उरलेलं औषध मी घरी आणून जास्वंदीवर, हरळीवर मारायचो. महागाचं औषध फेकायचं कसं! 2017 मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर शेतकरी-मजूर गेले, तरी माझा पंप अंगणात येतच राहिला. गेल्या गणपतीला बायको दूर्वा खुडायला बसली आणि मीच ओरडलो, "थांब, परवाच मारलंय तिथं." त्या दिवसापासून बंद.

कॅनडातल्या हडसन नावाच्या लहान गावानं 1991 मध्येच नुसत्या शोभेसाठीच्या फवारणीला बंदी केली. कंपन्या कोर्टात गेल्या. 2001 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गावाचा निर्णय उचलून धरला. ऑन्टारियो प्रांतानं 2009 मध्ये तसाच कायदा लागू केला, शेतीला वगळून. ही वाटणी मला पटते. कपाशीवर पोट आहे. जास्वंदीवर काय आहे?

आता जास्वंदीचंच. पिठ्या ढेकूण, ही रस शोषणारी पांढरी कीड, जानेवारीपासून हटत नव्हता. निंबोळी अर्क चालू होता: पन्नास ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर लिटरभर पाण्यात, सकाळी गाळून चिमूटभर साबणाचा चुरा, फवारा मात्र ऊन उतरल्यावर, उन्हात त्याचा जोर टिकत नाही. तरी झाड पांढरंच. शिवाय रोज काही मोठे, लांब झिपऱ्यांचे पांढरे किडे मी काडीनं चिरडायचो. कृषीला शिकणारा पुतण्या आला, बघतच राहिला. "काका, ही ढालकिड्याची अळी आहे. पिठ्या खाते." दोन महिने मी आपलेच राखणदार मारत होतो! त्यानंच मुंग्यांकडे बोट दाखवलं. पिठ्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात, ढालकिड्याला फिरकू देत नाहीत. बुंध्याला चिकटपट्टी गुंडाळून वर ग्रीस लावलं. तीन आठवड्यांत नवी पालवी स्वच्छ. अर्क फक्त उरलेल्या ठिकाणी.

मोगऱ्याला शेण-गोमूत्राचं जीवामृत, ठीक चाललंय.

हरळीतला मोथा काही जात नाही. वरून उपटला की खालच्या गाठीतून पुन्हा हजर. पाऊस पडून माती मऊ झाली की खुरप्यानं गाठीसकट काढतो, रोज हातभर जागा. हरळी आता अडीच-तीन इंच ठेवतो. बुटकी कापली की उघड्या मातीत गाजरगवत उगवतं.

जूनमध्ये वेचलेल्या निंबोळ्या वाळवून अर्धं पोतं भरलंय. या गणपतीच्या दूर्वा अंगणातूनच निघतील, मोथ्यातून निवडाव्या लागल्या तरी.