वडिलांचे चित्र, मुलाच्या फळ्या

बार्सिलोनातील मोंतकादा गल्लीत जुन्या वाड्यांमध्ये थाटलेल्या पिकासो संग्रहालयाची खरी श्रीमंती पाब्लो पिकासो या स्पॅनिश चित्रकाराच्या पोरवयातील कामात आहे. बहिणीच्या कुटुंबाने वर्षानुवर्षे जपून ठेवलेली 900 हून अधिक चित्रे व रेखाटने पिकासोने 1970 मध्ये या संग्रहालयाला देऊन टाकली. त्यांत शाळेच्या पुस्तकांच्या समासांत गिरवलेल्या आकृत्यासुद्धा आहेत.

बहुतेकांची पावले थबकतात ती 'विज्ञान आणि परोपकार' या 1897 च्या भव्य तैलचित्रापाशी. सुमारे दोन मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद अशा या चित्रात खाटेवर आजारी स्त्री आहे, तिची नाडी पाहणारा डॉक्टर एका बाजूला आणि मूल कडेवर घेतलेली ख्रिस्ती जोगीण दुसऱ्या बाजूला. चित्रकार तेव्हा पंधरा वर्षांचा होता, हे कळल्यावर थक्क व्हायला होते. परंतु डॉक्टरच्या रूपात बसलेले गृहस्थ म्हणजे त्याचे वडील, कलाशिक्षक होसे रुईझ ब्लास्को, हे लक्षात आले की चित्र निराळे दिसू लागते. प्रदर्शनांच्या परीक्षकांना रुचेल असा करुण विषय, जोखून केलेली रचना आणि राखाडी-तपकिरी रंगांचा संयम या साऱ्यांतून मला मुलापेक्षा बापाची महत्त्वाकांक्षा अधिक जाणवते. ती फळालाही आली: माद्रिदच्या प्रदर्शनात चित्राचा सन्मानपूर्वक उल्लेख झाला आणि मालागात सुवर्णपदक मिळाले. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून तासन्‌तास रेखांकन करवून घेणारी ही शिस्त त्याच काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतही होती, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला या दालनात फारसे परके वाटू नये.

मला मात्र त्या वर्षांतल्या छोट्या लाकडी फळ्या अधिक मोलाच्या वाटतात. समुद्रकिनारा, गच्च्या, डोंगराचा एखादा उतार असे जे समोर दिसले ते त्याने कोणत्याही स्पर्धेचा विचार न करता, जाड आणि भरभर फटकाऱ्यांनी त्यांवर उतरवले आहे. सावलीत काळ्याऐवजी निळा किंवा जांभळा रंग येतो, आकाश दोन-चार फटकाऱ्यांत आटोपते, आणि मोठ्या चित्रात कुठेही न दिसणारी बेफिकिरी इथे हाताच्या रुंदीएवढ्या जागेत मोकळी होते. या काळात तो 'पी. रुईझ पिकासो' अशी सही करीत असे. 1901 च्या सुमारास त्यातले वडिलांचे आडनाव गळाले आणि आईचे तेवढे उरले.