पाय सुजले म्हणून पाणी तोडू नका

नववा महिना लागलेली बाई तपासणीला आली की सोबतची सासू नाहीतर आई हमखास सांगते, सिस्टर हिचे पाय बघा किती सुजलेत, आम्ही पाणी कमी केलंय, मीठ तर बंदच. ऐकून जीव कळवळतो, कारण बाहेर विदर्भातला मे महिना, बाईची जीभ कोरडी आणि लघवी गडद पिवळी.

अहो, गरोदरपणात अंगातलं पाणी वाढायलाच हवं. शेवटापर्यंत 6 ते 8 लिटर वाढतं, त्यात बाळ, वार, गर्भजल सगळं आलं, रक्तातला पातळ भाग तर 40-50 टक्क्यांनी वाढतो आणि म्हणूनच हिमोग्लोबिन थोडं उतरलेलं दिसतं. त्यात गर्भपिशवीचा भार पोटातल्या शिरांवर, मग संध्याकाळी घोटे सुजणारच, डाव्या कुशीवर झोपलं की सकाळपर्यंत बरीच सूज उतरते. पाणी तोडून ती जात नाही.

मी नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरते, खड्डा पडतो का, किती वेळ राहतो ते बघते. मग हात आणि चेहरा. जोडवी रुतलीत का, परवापर्यंत फिरणारी बांगडी आज अडकली का, सकाळी उठल्याउठल्या डोळे सुजलेले असतात का, हे घरच्यांना विचारलं की पटकन कळतं. मग वजन, आणि एका आठवड्यात किलोभर वाढलं तर बाळ छान पोसतंय म्हणून खूश व्हायचं नाही, आधी बीपी घ्यायचं आणि लघवीत पट्टी बुडवून प्रोटीन बघायचं. बीपी 140/90 किंवा त्याच्या वर गेलं की डॉक्टरांना लगेच सांगायचं, मग सूज असो की नसो, कारण सूज अजिबात नसतानाही झटके आलेल्या बायका असतात.

प्रीएक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून बहुतेकदा लघवीतून प्रोटीन जाण्याच्या आजारात, फसवं काय तर, पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, अंग फुगतं पण वाहिन्यांच्या आत पाणी कमीच असतं. अशा वेळी हिमोग्लोबिन एकदम वाढलेलं आलं तर ते रक्त घट्ट झाल्यामुळेही असू शकतं. म्हणून मेडिकलमधून लघवीची गोळी आणून सूज उतरवणं मला फार धोक्याचं वाटतं, आणि उलट सलाईन भराभर सोडलं तर फुप्फुसात पाणी होतं. लेबर रूममध्ये आम्ही लघवीच्या नळीला लावलेल्या पिशवीतली लघवी तासातासाला मोजून लिहितो, तासाला 30 मिलीच्या खाली गेली की डॉक्टरांना फोन, रात्रीचे 3 वाजलेले असले तरी.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी फुकट असते, तिथं बीपी आणि लघवी दोन्ही बघून घ्या, नुसतं वजन करून परत येऊ नका. पण डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, बरगडीखाली दुखतंय किंवा धाप लागतेय, असं काही झालं तर 9 तारखेची वाट बघायची नाही, त्याच रात्री 108 ला फोन लावा.