क्युम्युलसमधून वीवेक्सकडे: दहा वर्षांच्या नोंदींचं स्थलांतर कुठवर आलं

हवामान स्टेशन पुण्यातलं, डब्ल्यूएच १०८० जातीचं, ०.३ मिमीच्या बकेटचं (पाऊस मोजणारी ही वाटी दर ०.३ मिमीला एकदा कलंडते, ती एक टिप). उन्हाचा सेन्सर नाही. नोंदी क्युम्युलस या विंडोजवरच्या हवामान प्रोग्रामच्या, दर १० मिनिटांनी एक. म्हणजे वर्षाला ५२,५६० ओळी, दहा वर्षांच्या सव्वापाच लाखांवर. त्या न्यायच्या आहेत रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणाऱ्या वीवेक्स या दुसऱ्या हवामान प्रोग्राममध्ये. ओळी वाचून डेटाबेसात टाकणं एका संध्याकाळचं काम आहे. खरा वेळ जातो तो फाईलीत न लिहिलेल्या गोष्टी शोधण्यात: एकक कोणतं, पाऊस कुठपासून मोजलाय आणि दिवस किती वाजता संपवलाय.

एक ओळ उलगडून

१४/०६/१८,१६:२०,२६.४,८८,२४.३,६.१,१४.८,२४७,३.६,११.४,१००४.२,४३२.६ …

महिन्याच्या फाईलीत अशा ओळी असतात, वर मथळा नसतो. कॉलम शून्यापासून मोजायचे. ० तारीख, १ वेळ, २ तापमान, ३ आर्द्रता, ४ दवबिंदू, ५ सरासरी वारा, ६ झोत (वाऱ्याचा क्षणिक जोर), ७ दिशा, ८ पावसाचा दर, ९ आजचा पाऊस, १० समुद्रसपाटीला आणलेला दाब, ११ पावसाचा एकूण काउंटर. पुढे घरातलं तापमान, घरातली आर्द्रता वगैरे. जुन्या आवृत्त्यांत कॉलम कमी आणि नव्यांत जास्त, त्यामुळे दहा वर्षांच्या फाईली सलग जोडल्या की ओळींची लांबी बदलत जाते. पहिले बारा कॉलम मात्र जागच्या जागी राहतात.

६.१ हा वारा किमी प्रतितास की मीटर प्रतिसेकंद, ते ओळ सांगत नाही. ते क्युम्युलसच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाईलीत असतं: वाऱ्यासाठी ० म्हणजे मीटर प्रतिसेकंद, १ मैल, २ किमी, ३ नॉट. पण ती फाईल फक्त आजचं सेटिंग सांगते. मधे कधी एकक बदललं असेल तर त्याची खूण कुठेच राहत नाही. म्हणून दर महिन्याच्या सर्वांत मोठ्या झोताचा आलेख आधी काढावा. एखाद्या तारखेला सगळी पातळी एकदम ३.६ पटीने वर किंवा खाली गेली, तर कारण तिथेच आहे.

दिशेच्या कॉलममध्ये ० म्हणजे वारा शांत. उत्तर ही ३६० असते. शून्य तसंच नेलं तर वाऱ्याच्या आलेखात उत्तरेकडे खोटा सुळका उभा राहतो. तिथे रिकामी जागा सोडायची.

फाईलींची साफसफाई

जुन्या क्युम्युलसमध्ये फाईलीच्या नावात महिन्याचं संक्षिप्त नाव संगणकाच्या भाषेप्रमाणे पडतं आणि तारखेतलं चिन्हही विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमधून येतं. सेटिंग अमेरिकेवरून भारतावर नेलं की त्याच महिन्याच्या फाईलीत आधी तिरकी रेघ आणि पुढे आडवी रेघ दिसते. दिवस-महिना-वर्ष हा क्रम बदलत नाही, त्यामुळे सरसकट एकच चिन्ह करून घेतलं की भागतं.

लाईट जाऊन संगणक बंद पडला असेल तर फाईलीत मधेच शून्य-बाइटांचा पट्टा सापडतो. साध्या एडिटरमध्ये तो मोकळ्या जागेसारखा दिसतो, पण आयात तिथेच अडते. हे बाइट काढून टाकायचे आणि त्यांना चिकटलेली अर्धवट ओळही टाकायची. ती ओळ जुळवून घेण्याचा मोह टाळावा. या फाईली एक्सेलमध्ये उघडून साठवू नयेत. ते तारखा आणि वेळा आपल्या पद्धतीने फिरवून ठेवतं आणि नंतर मूळ काय होतं ते कळत नाही.

पाऊस

सगळ्यात जास्त तास इथे गेले आणि ते जायलाच हवेत. वीवेक्सला प्रत्येक ओळीत त्या अवधीत पडलेला पाऊस हवा असतो. ‘आजचा पाऊस’ या कॉलमपेक्षा अकराव्या कॉलममधल्या काउंटरची वजाबाकी भरवशाची, कारण आजचा पाऊस रोज शून्य होतो आणि कधी होतो ते सेटिंगवर असतं. वरच्या ओळीनंतर काउंटर ४३३.२ झाला तर त्या दहा मिनिटांत ०.६ मिमी, म्हणजे दोन टिपा.

वजाबाकी ऋण आली तर दोन शक्यता. काउंटर ४३३.२ वरून ० वर आला आणि तिथून पुढे वाढत गेला, तर तो खरोखर रीसेट झालाय. नवा आकडा हाच पाऊस धरायचा. पण ४३३.२, मग १२०८.४, मग परत ४३३.२ असं असेल तर मधली ओळ बिघडलेली आहे. फक्त शेजारच्या दोन ओळी बघणारी स्क्रिप्ट इथे आधी ७७५.२ मिमी पाऊस धरते आणि नंतरच्या घसरणीला रीसेट समजून आणखी ४३३.२ त्यात टाकते. म्हणून एका वेळी तीन ओळी बघणारी स्क्रिप्ट हवी. दहा मिनिटांत ४० मिमीपेक्षा जास्त आलं तर ओळ बाजूला काढून डोळ्यांनी तपासायची. परस्पर गाळायची नाही. घाटमाथ्यावरचं स्टेशन असेल तर ही मर्यादा आणखी वर न्यावी.

एककाचा एक फटका लक्षात ठेवण्यासारखा आहे. ०.२ मिमीच्या बकेटचा डेटा इंचात, दोन दशांशांपर्यंत, अवधीनिहाय निर्यात केला तर एक टिप ०.००७९ ऐवजी ०.०१ इंच होते. परत मिमी केल्यावर ती ०.२५४, म्हणजे २७ टक्के जास्त. तीन टिपांचे ०.६ मिमी उलट ०.५०८ होतात. रिमझिमीचा सगळा हिशोब यात बिघडतो. बकेट ज्या एककाची, निर्यात त्याच एककात करावी. काउंटरच्या वजाबाकीला हा धोका नाही. मधली पूर्णांकनं एकमेकांत कटतात आणि हंगामाची बेरीज बरोबर राहते.

वीवेक्सची बाजू

एकक पद्धत डेटाबेस तयार होण्याआधीच ठरवावी. वीवेक्समध्ये तीन आहेत: १ अमेरिकन, १६ मेट्रिक, १७ मेट्रिकडब्ल्यूएक्स. सोळामध्ये पाऊस सेंटिमीटरमध्ये आणि वारा किमी प्रतितास. सतरामध्ये पाऊस मिलिमीटरमध्ये आणि वारा मीटर प्रतिसेकंद. नुसतं मेट्रिक वाचून १६ निवडलं आणि पुढे स्वतःची क्वेरी लिहिली की पाऊस दहापट कमी दिसतो. इथे १७ घेतलंय.

दाबाचे तीन कॉलम आहेत: स्टेशनवरचा दाब, आल्टिमीटर (फक्त उंचीवरून समुद्रसपाटीला आणलेला) आणि बॅरोमीटर (तापमानही धरून आणलेला). क्युम्युलसचा दहावा कॉलम बॅरोमीटरमध्येच जायला हवा. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, त्यामुळे स्टेशनवरचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. तिथे १००४ दिसला की कॉलम चुकलाय.

आयातीच्या साधनात क्युम्युलस थेट वाचायची सोय आहे आणि साध्या नोंदींना ती पुरते. इथे आधी स्वतःची सीएसव्ही करून मग आयात असा रस्ता घेतला, कारण पावसाची वजाबाकी आपल्या ताब्यात हवी होती. दुसरं कारण अवधी. संगणक बंद असताना कन्सोल (स्टेशनचा घरातला डिस्प्ले) आपल्या स्मृतीत ४,०८० नोंदी धरून ठेवतो, पण त्याच्या स्वतःच्या अंतराने, जे सहसा ३० मिनिटं असतं. संगणक सुरू झाला की क्युम्युलस त्या ओळी फाईलीत भरतो. त्यामुळे १० मिनिटांच्या ओळींत ३० मिनिटांच्या ओळींचे तुकडे असतात. वीवेक्स दिवसाची सरासरी काढताना प्रत्येक ओळीला तिच्या अवधीचं वजन देतं. सगळीकडे १० लिहिलं तर त्या तासांचं वजन एक तृतीयांश होतं. उपाय म्हणजे दोन सीएसव्ही, दोन वेळा आयात, अवधी एकदा १० आणि एकदा ३०. अवधी ओळींतल्या फरकावरून काढ असं सांगितलं तर खंडानंतरच्या पहिल्या ओळीला काही तासांचा अवधी मिळतो, म्हणून तो पर्याय सोडला.

आधी वीवेक्स थांबवून डेटाबेसची प्रत, मग ड्राय रन (काहीही न लिहिता चाचणी), मग आयात. एखादी वेळ डेटाबेसात आधीच असेल तर नवी ओळ जुनीवर चढत नाही. चुकलेली आयात सुधारायची तर आधी तो काळ पुसावा लागतो.

घड्याळ

पायवर टाइमझोन लावायचा राहिला तर तो लंडनचा असू शकतो. मग हिवाळ्यात नोंदी साडेपाच तास सरकतात आणि लंडनच्या उन्हाळी वेळेत साडेचार तास. जानेवारीचा एक दिवस बघून सरसकट साडेपाच तास वळते केले तर एप्रिल ते ऑक्टोबर चुकीचे राहतात.

उन्हाचा सेन्सर नसला तरी दाबावरून हे पकडता येतं. आपल्याकडे कोरड्या दिवसांत दाब सकाळी दहाच्या सुमारास शिखरावर असतो आणि दुपारी चारच्या सुमारास तळाला. रात्री दहा आणि पहाटे चारला त्याचीच लहान लाट. आयात केलेल्या फेब्रुवारीचा आणि एप्रिलचा एकेक आठवडा काढून बघावा. भारतीय वेळेने शिखर फेब्रुवारीत दुपारी साडेतीनला आणि एप्रिलमध्ये अडीचला दिसलं तर टाइमझोन चुकलाय.

दिवसाची टोकं

दहा मिनिटांच्या ओळींत १४:३७ चं कमाल तापमान नसतं. १४:३० आणि १४:४० चं असतं. खरी टोकं क्युम्युलसच्या डेफाईलमध्ये, म्हणजे दिवसाला एक ओळ असलेल्या फाईलीत: कॉलम ४ ते ७ मध्ये किमान, त्याची वेळ, कमाल, त्याची वेळ, १ ते ३ मध्ये झोत, दिशा, वेळ. आयातीनंतर वीवेक्सच्या दैनिक सारांश तक्त्यांत ती हाताने भरावी लागतात.

क्युम्युलसचा दिवस सकाळी ९ ला सुरू होणारा असेल तर १४ तारखेच्या ओळीतलं ०६:१० चं किमान कॅलेंडरप्रमाणे १५ चं असतं. म्हणून टोकाची वेळ ९ च्या आधीची असेल तर तारीख एकने पुढे. शिवाय तक्त्यात आधी असलेल्या आकड्यापेक्षा जास्त टोकाचा असेल तरच बदलायचा, कारण सकाळी ९ पासूनच्या दिवसाचं किमान हे मध्यरात्रीपासूनच्या दिवसाचं किमान असेलच असं नाही. दैनिक तक्ते पुन्हा बांधले की हे सगळं पुसलं जातं. ही स्क्रिप्ट सर्वांत शेवटी चालवायची आणि जपून ठेवायची.

आता काय बाकी

तापमान, दाब आणि वारा जुळलेत. पावसाची महिनावार बेरीज डेफाईलशी ९ ते ९ धरून ताडून बघणं चालू आहे. ९ चा दिवस असला की १ जुलैच्या ०८:५० ची ओळ जूनच्या फाईलीत असते. फाईलीवरून महिना ठरवला तर बेरीज कधीच जुळणार नाही.

त्यानंतर हवामान खात्याच्या दिवसाप्रमाणे, सकाळी ८:३० ते ८:३०, बेरजा काढायच्या आहेत. तारखांचा फरक इथेही आहे: खातं पाऊस मोजल्याच्या दिवसाची तारीख देतं, क्युम्युलस सुरुवातीच्या दिवसाची, म्हणून डेफाईलमधली १४ खात्याच्या १५ शी ताडायची. रात्री दहा ते पहाटे चार ८० मिमी पडला आणि मध्यरात्रीने त्याचे चाळीस-चाळीस केले तर ६४.५ मिमीपासून सुरू होणाऱ्या जोरदार पावसाच्या वर्गात एकही दिवस बसत नाही. ८:३० च्या हिशोबाने एक दिवस बसतो. दहा मिनिटांच्या सुट्या नोंदी हातात असल्यामुळे ही बेरीज आता दहाही पावसाळ्यांसाठी काढता येईल.