आमची वाटचाल : घरच्या वर्कशॉपमधून गाड्यांचे पार्ट

सुरुवात केली तेव्हा घरालगतच्या शेडमध्ये एक आर्क वेल्डिंग सेट, ग्राइंडर, ड्रिल आणि व्हाइस, बस एवढंच होतं. लोक तुटलेले ब्रॅकेट, कॅरिअर, सायलेन्सरचे माउंट घेऊन यायचे, जोडून द्या म्हणायचे. जोडून तर द्यायचोच, पण धाकट्या भावाला सवय, तुटलेली कड भिंगाखाली धरून बघायची, आणि खरं सांगायचं तर आमचा धंदा त्या सवयीवरच उभा राहिला. कारण बघता बघता कळत गेलं की पार्ट पत्रा पातळ म्हणून क्वचितच तुटतो. तो जातो आतल्या काटकोनी कोपऱ्यातून, भोकाच्या कडेपासून, नाहीतर वेल्ड जिथं संपतो तिथून. इंजिनाची थरथर सतत चालू, ताण याच जागी गोळा होतो, आधी बारीक चीर पडते आणि ती हळूहळू पुढे सरकत राहते.

त्यामुळे गिऱ्हाईक "जाड पत्रा वापरा" म्हणालं तरी आम्ही आधी कोपरा गोल करतो, भोकाची बर (कडेला उरलेली धारदार कड) काढतो, वेल्डची टोकं जास्त ताणाच्या जागेपासून लांब ठेवतो. ३ एमएमच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी कड वाकवून दिली की तो ५ एमएमच्या सपाट पट्टीपेक्षा ताठ राहतो, हे हातात देऊन दाखवलं की लोकांना लगेच पटतं.

पुढचा मोठा टप्पा जिगचा, म्हणजे वेल्ड करताना पार्ट जागच्या जागी पकडून ठेवणाऱ्या साच्याचा. वेल्ड थंड होताना आकसतो आणि पार्टला ओढतो, मग भोकं गाडीवर जुळत नाहीत. म्हणून प्रत्येक पार्टसाठी जाड प्लेटवर जिग बनवायला लागलो, बोल्टच्या भोकांत पिना, आधी टाके (छोटे ठिपक्यांसारखे वेल्ड), मग आलटूनपालटून वेल्ड आणि पार्ट गार होईपर्यंत जिगमधून काढायचाच नाही. एम८ (८ एमएम जाडीच्या) बोल्टला ९ एमएमचं भोक आणि शेजारचं लांबट, म्हणजे गाडीगाडीतला थोडाफार फरक खपून जातो. जिग बनवायला पार्टपेक्षा जास्त वेळ जातो, पण रिपीट ऑर्डरी त्यानंतरच यायला लागल्या. नंतर मिग (तार आपोआप पुढे सरकवणारा वेल्डिंग सेट) आला, बेंडिंग प्रेस आला, कटिंग आता बाहेरून लेझरवर करून घेतो. वाकवल्यावर पत्रा जरासा परत उघडतो, ९० अंश हवे असतील तर थोडं जास्तच दाबावं लागतं, किती ते लॉटनुसार बदलतं म्हणून त्याच पत्र्याचा तुकडा आधी वाकवून बघतोच.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून ठरलेली, स्टिअरिंग, ब्रेक आणि सीटबेल्टच्या अँकरचं काम घेत नाही. तिथं लागणाऱ्या टेस्टिंगची सोय आमच्याकडे नाही आणि नुसत्या नजरेच्या भरवशावर कुणाचा जीव टांगणीला लावायचा नाही. काही गिऱ्हाइकं त्यामुळे गेली, जाऊ देत. गाडीवरच वेल्ड करायचं असेल तर बॅटरी सोडवल्याशिवाय आणि अर्थ क्लॅम्प (वेल्डिंगचा करंट परत नेणारी पकड) वेल्डजवळ लावल्याशिवाय सेट चालूच करत नाही, आणि जस्ताचा थर असलेला पत्रा असला तर थर घासून काढूनच, कारण जस्त जळून होणारा धूर फार वाईट.

सध्या टिगवर (टंगस्टनच्या टोकाने, गॅसच्या आवरणात करायचं वेल्डिंग) अल्युमिनियमचं काम सुरू केलंय. ६०६१-टी६ हा उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेला अल्युमिनियमचा प्रकार वेल्डच्या आजूबाजूला मऊ पडतो, म्हणून जोर येणाऱ्या जागी बोल्ट आणि वेल्ड फक्त हलक्या जागी, अशी डिझाइन सध्या भाऊ करतोय.