माजघर, तिसरं चित्र

माजघराचं तिसरं जलरंगातलं चित्र काल बोर्डावरून उतरवलं. कागद नेहमीचाच, जाड आणि किंचित खरखरीत (300 जीएसएम कोल्ड प्रेस). या वेळी खोलीतलं सगळं सामान गाळलं. आधीच्या दोन चित्रांत फडताळ, पाट, पितळी डबे, खुंटीवरची टोपी असं सगळं भरलं होतं. बघणारे खूश झाले, "आजोळ आठवलं" म्हणाले. पण ते कुणाचंही आजोळ होतं. सांगलीच्या गावभागातलं आमचं घर त्यात नव्हतं.

सामान काढायचं धाडस विल्हेल्म हामरशॉयमुळे. कोपनहेगनचा हा चित्रकार 1898 ते 1909 स्ट्रांडगाडे 30 या घरात राहिला आणि त्याच खोल्यांची साठाहून जास्त चित्रं काढली. मोकळ्या भिंती, उघडी दारं, कधी पाठमोरी बायको इडा. पण त्याचा राखाडी उचलून आपल्याकडं चालत नाही. आपलं चौकातलं ऊन शहाबादी फरशीवर आपटून आत येतं. त्यामुळं भिंत खाली उजळ, किंचित निळसर, आणि वर कडीपाटाकडं तपकिरी अंधार. मोबाइलच्या फोटोत हे येतच नाही; दार पांढरंफटक, खोली काळी. तिथं बसूनच काढावं लागतं. डोळे सरावले की मग कोनाडे दिसायला लागतात.

ट्यूबमधला काळा वापरला नाही. अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना घट्ट कालवून ओल्यातच सोडले. तुळईपाशी सिएना जास्त, फरशीपाशी निळा. वाळल्यावर पुन्हा हात फिरवला की या मिश्रणाचा चिखल होतो, तेवढं सांभाळा.

एक गोष्ट मात्र ठेवली, 2019 च्या पुराची रेघ. चुना दिला तरी पावसाळ्यात ती पुन्हा उमटते, आणि तिच्याखाली लोणा, म्हणजे ओलीनं भिंतीवर फुटणारा खार. तो दाखवायला ओल्या वॉशवर, म्हणजे रंगाच्या पातळ थरावर, मीठ टाकून पाहिलं होतं. चांदण्यांसारखे ठिपके उठले, फारच देखणे. पुराला असलं नटवणं शोभत नाही. शेवटी कोरड्या ब्रशनं मातकट पिवळा रॉ सिएना घासला.

आत्याला दाखवलं. म्हणाली, "निम्मं घर पाण्यानं नेलं, उरलेलं तू पुसलंस होय गं?" मी गप्प. मग चष्मा लावून ती मोकळ्या भिंतीवर बोट फिरवायला लागली. इथं कणगी, इथं आजीची खाट, ह्या कोनाड्यात रॉकेलची चिमणी. भरलेल्या चित्रांपुढं ती एवढं कधी बोलली नव्हती. चिमणीचं तर मला माहीतच नव्हतं.

आता स्वयंपाकघर घेतेय. चुलीमागची भिंत धुरानं काळी, पण तुपकट चकाकणारी. जलरंगात ती चकाकी कागद कोरा सोडून आणायची की वाळल्यावर ओल्या ब्रशनं रंग उचलून? कुणी केलं असेल तर सांगा. पावसाळी हवेनं कागद सर्द व्हायच्या आत उरकायचंय.