कोटाला लावायचं फूल

शुक्रवारी सकाळी आईने फ्रिजमधला गुलाब अंबाबाईच्या फोटोला वाहिला आणि आमच्या घरात आकांत झाला.

तशी तिची चूक नव्हती. मेच्या सुरुवातीला ती सांगलीहून न्यू जर्सीला आली तेव्हापासून तिची पूजा अक्षतांवर चाललेली. सकाळी उठून कुणाच्या कुंपणावरून चार जास्वंदी तोडून आणाव्यात, अशी इथे सोय नाही. अशात फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीशेजारी, पारदर्शक डबीत, पांढराशुभ्र गुलाब. खाली जांभळी रिबीनसुद्धा. तिला वाटलं, लेकीला उशिरा का होईना, सुचलं.

ते फूल म्हणजे बुटोनियर. त्या संध्याकाळी माझ्या मुलीच्या शाळेची सीनियर प्रॉम, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींची नटूनथटून जायची नाचाची पार्टी, होती आणि ज्याच्याबरोबर ती जाणार होती, त्याच्या कोटाला ते लावायचं होतं. तो तिच्या मनगटाला फुलांचा पट्टा घालणार, त्याला म्हणायचं कॉर्साज. तो त्यांच्या फ्रिजमध्ये. फुलांचा रंग ड्रेसशी जुळायला हवा, म्हणून त्या मुलाच्या आईने माझ्याकडून ड्रेसचा फोटो मागवला, मग दिवसाउजेडी काढलेला दुसरा मागवला. माझ्या लग्नात शालूवरूनही इतकी बोलणी झाली नव्हती.

“मनगटाला गजरा?” आई म्हणाली. “अगं, ते फडावर बसणारे बांधतात.”

मी तिला सांगितलं की पूर्वी हे फूल पिनेने खांद्यापाशी लावायचे, पण आताच्या ड्रेसना खांदाच नसतो, तर पिन टोचणार कुठे? हे ऐकल्यावर तिला गजरा परवडला.

त्याआधी महिनाभर तिला रोज काहीतरी नवीन कळत होतं. मुलाने प्रॉमला येशील का, हे तोंडी न विचारता पुठ्ठ्यावर रसायनशास्त्राचा एक भयंकर पीजे रंगवून, तो धरून आमच्या दारात उभं राहून विचारलं. याला इथे प्रॉमपोझल म्हणतात. आईच्या भाषेत, मागणी घातली. ड्रेस एका रात्रीचा. मुलाचा टक्सिडो भाड्याचा, उद्या परत द्यायचा. “म्हणजे लग्नाची रंगीत तालीम,” आई म्हणाली. “फक्त भटजी नाही.”

प्रॉम हा ‘प्रॉमनाड’ या शब्दाचा तुकडा. प्रॉमनाड म्हणजे नटूनथटून मिरवत चालणं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ईशान्य अमेरिकेतल्या कॉलेजांत ही प्रथा सुरू झाली. ॲमहर्स्टच्या एका विद्यार्थ्याच्या १८९४ सालच्या रोजनिशीत तिचा उल्लेख सापडतो. पुढे ती शाळांनी उचलली, आणि शाळेच्या जिममधून निघून हॉटेलांत, बँक्वेट हॉलमध्ये गेली. नाव मात्र चालण्याचंच राहिलं, नाचण्याचं नाही. मला ते बरोबर वाटतं. कोण कसं नाचलं हे दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही, कोण कुणाबरोबर आत आलं हे पन्नास वर्षं आठवतं.

आमच्या साडी डेला हा प्रश्नच नव्हता. बारावीत मी आईची मोरपंखी साडी वीसेक पिना लावून नेसले, आम्ही पाच जणी एका रिक्षात कोंबून गेलो, मुलं एका भिंतीला, मुली दुसऱ्या भिंतीला, मध्ये समोसे. संपलं.

“मुलगा कुठला?” आईने विचारलं.

“केमिस्ट्रीच्या लॅबमधला.”

“ते नाही गं. आपल्यातला का?”

“तेलुगू आहेत ते.”

“बरं,” आई म्हणाली. त्या ‘बरं’मध्ये सांगली ते विजयवाडा सगळं अंतर होतं.

मी हसले, पण हा प्रश्न प्रॉमला नवा नाही. जॉर्जिया राज्यातल्या विलकॉक्स काउंटीत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या प्रॉम कित्येक वर्षं वेगवेगळ्या होत. वर्ग एक, बाकं एक, आणि नाचायला दोन हॉल. शाळा स्वतः प्रॉम घ्यायचीच नाही. पालक खाजगीत भरवायचे, म्हणजे नियम कुणाला लावणार? २०१३ साली तिथल्याच काही विद्यार्थिनींनी पैसे जमवून सगळ्यांची मिळून एक प्रॉम केली. दोन हजार तेरा! आमच्याकडे तेव्हा स्मार्टफोन येऊन जुनेही झाले होते. ‘आपल्यातला का’ हे विचारायला माणसाला सांगलीचंच असावं लागत नाही.

तर फूल. मुलगी रडायच्या बेतात, दुकान दहाला उघडणार, आणि देवाला वाहिलेलं परत कसं घ्यायचं? तोडगा आईनेच काढला. तिने गुलाब फोटोवरून उचलला, डोळ्यांना लावला, पाकळीवरचं कुंकू पदराने टिपलं आणि म्हणाली, “प्रसाद म्हणून लाव त्याच्या कोटाला. देवीची हरकत नाही.”

संध्याकाळी पाच वाजता कुणाच्या तरी मागच्या अंगणात बारा मुलं आणि चोवीसहून जास्त पालक जमले. प्रॉमचा आमच्या वाट्याचा भाग एवढाच. जोडीने फोटो, सगळ्या मुलींचा, सगळ्या मुलांचा, आईबरोबर, बाबांबरोबर, पायऱ्यांवर. पिन लावताना मुलीचा हात थरथरला आणि पाकळीवरचा पुसट लाल डाग त्या मुलाला दिसला. तिने पुटपुटत सगळं सांगितलं. “ओ, प्रसादम?” तो म्हणाला, आणि कोटाची कॉलर वर ओढून त्याने फुलाला कपाळ टेकवायचा प्रयत्न केला. ते काही जमलं नाही. आईने त्याचा वेगळा फोटो काढायला लावला.

मग बस आली, मुलं गेली, आणि आम्ही लेमोनेडचे ग्लास धरून रिकाम्या अंगणात उभे. पुढचं पालकांना दिसत नाही. १९७५ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या मुलीच्या शाळेची प्रॉम चक्क व्हाइट हाउसमध्ये झाली, आणि फोर्डसाहेब तेव्हा युरोपच्या दौऱ्यावर. घरच्या दिवाणखान्यात होऊनही नाही दिसली.

ती रात्री दीडला आली, सँडल हातात.

“कशी झाली?”

“ठीक. जेवणात सगळ्यात चीज होतं.”

कॉर्साज तिने परत डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवला. त्याला आता तीन आठवडे झाले, कडा तपकिरी पडल्या आहेत. निर्माल्य करू का, असं आईने दोनदा विचारलं, दोनदा “नको” आलं. तेव्हापासून आई रोज सकाळी फ्रिज उघडते, कोथिंबिरीशेजारच्या डबीत डोकावते, आणि अक्षता घेऊन पूजेला बसते.